हवालदाराची मेंढी

बनामावशी आमच्या शिरवळच्या बिल्डिंगमध्ये राहायला आली, त्या दिवशी तिच्या सामानात एक घोंगडं, एक पत्र्याची पेटी आणि वासराएवढं कुत्रं होतं. मी नेमकी तेव्हाच माझ्या कंदीला घेऊन जिना उतरत होते. कंदी म्हणजे आमची पग जातीची कुत्री. रंग साताऱ्याच्या कंदी पेढ्याचा, म्हणून नाव कंदी. त्या दांडग्या कुत्र्याला बघताच ती माझ्या दोन पायांत शिरली आणि मी जिन्यातूनच ओरडले, "अहो, साखळी कुठाय त्याची?"

मावशी थांबली. आधी माझ्याकडं बघितलं, मग कंदीकडं, आणि अगदी मनापासून विचारलं, "आगं, ह्याचं नाक कुणी चेपलं?"

मला हसू आलं नाही. मला राग लवकर येतो आणि तो जातो उशिरा. माझ्या माहेरी सगळेच असे. तरी पुढच्या आठवड्यात मी तिच्याकडं चहाला बसलेली होते, कारण तिच्यावर रागावून राहणं कुणालाच जमत नाही. मी पहिले दोन दिवस तिला अहो-जाहो केलं, तर म्हणाली, "मला आवं-जावं करू नगं गं. मी काय तलाठीन हाय व्हय?" तेव्हापासून ती माझी मावशी.

मावशी वडूजच्या पलीकडच्या माळावरची धनगराची. उभं आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलं. पावसाळा सरला की घोड्याच्या पाठीवर संसार बांधायचा आणि पाणी असेल तिकडं निघायचं, कुणाच्या शेतात खतासाठी चार रात्री मेंढरं बसवायची, पुढं चालायचं. नवरा अर्जुना गेला, गुडघे दुखायला लागले, तेव्हा इथल्या कारखान्यात नोकरीला असलेल्या सूरजनं, तिच्या मुलानं, तिला हट्टानं आणलं. मेंढरं विकली. कुत्रं विकायचा प्रश्नच नव्हता.

कुत्र्याचं नाव हवालदार. पिल्लू असताना ते दिवस मावळला की कळपाभोवती गोल फेरी मारून यायचं आणि मगच अंग टाकायचं, म्हणून अर्जुनाआबांनी ते नाव ठेवलं होतं. यावरून एकदा फार मोठी आफत आली. माझे सासरे, नाथाजी, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. ते कडेगावहून आमच्याकडं आलेले, गॅलरीत पेपर वाचत बसलेले, आणि खालच्या मजल्यावरून मावशीचा खणखणीत आवाज आला, "हवालदार, गप पड की मेल्या! किती तंगड्या पसरशील!" सासऱ्यांनी पाय आखडून घेतले. नंतर खरा प्रकार कळला तेव्हा ते आधी लालबुंद झाले आणि मग इतके हसले की चष्मा पडला. पुढं फोनवर माझ्या आधी त्याचीच चौकशी करायचे.

हवालदाराचा डावा कान फाटलेला आहे. दहिवडीकडच्या माळावर लांडगा आला होता, त्याची ती खूण. आणि त्याच रात्रीपासून त्याची मेंढी. ही मेंढीची गोष्ट मावशीनं मला सांगितली तेव्हा मी चक्क हसले होते.

त्यांच्या घराण्यात अशी रीत. कुत्र्यानं पहिल्यांदा कळप राखला की त्या वर्षीच्या कोकरांतली एक पाठ, म्हणजे मादी कोकरू, त्याच्या नावानं सोडायची. गळ्यात लाल लोकरीचा गोफ बांधायचा. ती मेंढी मग घराची नाही, कुत्र्याची. तिचं दूध, तिची लोकर, तिची विकलेली बकरी, म्हणजे कोकरं, सगळं त्याचं. त्याचा खिळ्यांचा पट्टा त्यातून यायचा, त्याचं दुखणंखुपणं त्यातून निघायचं. घरात लग्न निघो नाहीतर आजारपण, त्या पैशाला हात लावायचा नाही. आणि कुत्रं गेलं की मेंढी पुढच्या कुत्र्याची.

"म्हणजे मावशी, तुझा हवालदार जमीनदार हाय म्हण की," मी म्हणाले होते.

"मग? फुकाट राखण कोण करंल?" मावशी म्हणाली. "मेंढरं इकली तवा यापारी ही बी वढाया लागला. म्हनलं, ती आमची न्हाई. तिच्या मालकाला इचार, त्यो बग तितं बसलाय. त्यानं मालकाकडं बगितलं आन् गप गाडीत जाऊन बसला."

ती मेंढी मग मावशीच्या बहिणीकडं, हरणाबाईकडं, गावाला राहिली. वर्षातून दोनदा मावशी एस.टी.नं तिला बघून यायची.

आता ज्या दिवसाबद्दल सांगायचं आहे त्याकडं येते.

आमच्या सोसायटीचे अध्यक्ष लालासाहेब. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, बाराही महिने डोक्याला लाल माकडटोपी, आणि हातात सदैव कसली तरी नोटीस. त्यांच्या पायरीवर गोचीड सापडला. एकच. पण त्यांनी तो काडेपेटीत घालून मीटिंगला आणला, सगळ्यांना दाखवला आणि मावशीला सांगितलं, रविवारपर्यंत कुत्र्याच्या अंगावरचे गोचीड गेले पाहिजेत, नाहीतर कुत्रं गेलं पाहिजे. मावशी मान खाली घालून उभी होती. तिला तसं बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला, आणि मी लालासाहेबांना चारचौघांत नको ते बोलले. त्याचा उपयोग काही झाला नाही. हवालदाराची रवानगी दिवसभरासाठी गच्चीवर झाली.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी, दुपारची, मी गच्चीवर पापड वाळत घालून खाली येऊन पडले होते. कंदी दुपारी झोपते. कंदी सकाळीही झोपते आणि संध्याकाळीही. घोरणं हा तिचा मुख्य धंदा. पण त्या दुपारी ती उघड्या दारातून बाहेर पडली, गच्चीवर गेली आणि भुंकायला लागली. तिचं भुंकणं म्हणजे शिंका आल्यासारखं. मी हाक मारली, ऐकेना. हिनं पापडात पाय घातले असणार म्हणून मी चप्पल हातात घेऊनच वर गेले.

पापड जागच्या जागी होते. टाकीच्या सावलीत हवालदार आडवा पडलेला होता. तोंडातून लाळ गळत होती, पाय थरथरत होते. डोळे टक्क उघडे, पण मी समोर उभी असून तो माझ्याकडं बघत नव्हता. आणि कंदी, जी त्याला बघितलं की पळायची, ती त्याच्या तोंडाशी उभी राहून घसा फुटेपर्यंत भुंकत होती.

मी मावशीला हाका मारल्या. ती गुडघे विसरून जिना चढून आली. त्याला बघताच मटकन खाली बसली आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

माझा नवरा कामावर, सूरज कामावर. कंदीचे डॉक्टर पुण्याचे. त्यांना फोन लावला, तर ते ऑपरेशनमध्ये होते, त्यांच्या माणसानं संध्याकाळी आणा म्हणून सांगितलं. संध्याकाळपर्यंत हे कुत्रं राहत नाही, हे मलाही दिसत होतं. आणि तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की इतकी वर्षं कुत्रं पाळून मला जवळचा एकही डॉक्टर माहीत नाही. कंदीला स्वेटर तीन. वाढदिवसाला केक. आणि अडचणीच्या वेळी जायचं कुठं, याचा विचार मी एकदासुद्धा केला नव्हता.

"भाऊसोला लाव," मावशी पुटपुटली. "वडूजचं भाऊसो. माज्या फोनात हाय."

भाऊसो म्हणजे तिच्या गावाकडच्या जनावरांच्या दवाखान्यातले पूर्वीचे कंपाउंडर, तिच्या मेंढरांना वर्षानुवर्षं बघणारे. मी सगळं भडाभडा सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "आवं ताई, तुमी शिरवळातनं बोलताय न्हवं? मग मला काय इचारताय? तितं जनावरांचं कॉलेज हाय की, हायवेला लागून! उचला आन् न्या. आन् हे बगा, ह्या दोन दिसांत काय औषध दिलं, काय खाल्लं, सगळं सांगा डाक्टरला. काय लपवू नका."

पशुवैद्यकीय कॉलेजच्या फाटकासमोरून मी रोज भाजीला जाते. तिथं गाई-म्हशी नेतात एवढंच माझ्या डोक्यात. आपलं कुत्रं हेही जनावरच आहे, हे मी कंदीला स्वेटर घालता घालता विसरले असणार.

मी गच्चीच्या कठड्यावरून खाली ओरडले. पार्किंगमध्ये एकच गाडी होती, आणि तिच्याजवळ एकच माणूस, लाल टोपी घातलेला. माझी जीभ अडखळली. पण लालासाहेबांनी वर बघितलं, काय झालं विचारलं आणि दुसऱ्या मिनिटाला ते गच्चीवर होते. मावशीच्या घोंगड्याची झोळी केली, एका बाजूला ते आणि दुसऱ्या बाजूला मी, असं त्याला खाली आणलं. लालासाहेबांच्या गाडीच्या मागच्या सीटला प्लॅस्टिकचं कव्हर अजून तसंच होतं. त्यांनी स्वतः ते सरकवून कुत्र्याला जागा केली.

कॉलेजच्या दवाखान्यात डॉ. अपेक्षा म्हणून तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी हवालदाराला टेबलावर घेतलं, बॅटरीचा उजेड डोळ्यांवर मारला, ताप बघितला आणि विचारलं, "काही विषारी खाल्लंय का? औषध वगैरे काही दिलंय?"

मावशी हवालदाराचे पाय चोळत राहिली. आणि माझा तोल सुटला. "विषच घातलंय, डॉक्टर!" मी म्हणाले. "आमच्या बिल्डिंगमधल्या माणसानं घातलंय. ह्या कुत्र्याला घालवायचं होतं त्याला. मी पोलिसांत जाणार आहे. लालासाहेब म्हणून आहेत एक..."

मागं वळले तर दारात लालासाहेब, हातात पाण्याची बाटली. मावशीसाठी आणलेली.

"अहो नंदिनीताई," ते एवढंच म्हणाले, "मीच नाही का गाडीतून आणलं त्याला?"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण माझ्याकडं बघायला कुणाला सवड नव्हती, कारण मावशी बोलायला लागली होती.

"त्येनी न्हाई घातलं. कुणीच न्हाई घातलं. म्या दिलं."

मेंढरांना गोचिडांसाठी द्यायचं इंजेक्शन. पत्र्याच्या पेटीत जुनी बाटली आणि सुई राहिलेली होती. हजारदा तिनं आपल्या हातानं मेंढरांना ते टोचलं होतं. कुत्रं मोठ्या मेंढराएवढं, म्हणून तिनं मेंढराएवढंच दिलं. दुसऱ्या दिवशीही गोचीड गळले नाहीत, आणि रविवार जवळ आलेला, म्हणून त्या दिवशी सकाळी परत, चांगलं दुप्पट.

"वाड्यावर, मेंढरांच्या तळावर असतो तवा कुत्र्याच्या गोचिडी हातानं काढायचो आमी," ती म्हणाली. "त्येला सुई कवा लावलीच न्हाई. पर हितं लोक म्हनत हुते लवकर कर, लवकर कर. मला वाटलं, मेंढराला चालतंय तर ह्येला का न्हाई?" आणि मग डॉक्टरीणबाईंचा हात धरून, "म्या मारलं का गं पोरी ह्येला?"

डॉ. अपेक्षा रागावल्या नाहीत. त्यासाठी मी त्यांचे उपकार जन्मभर विसरणार नाही. त्या म्हणाल्या, "मावशी, तुम्ही सांगितलंत ते फार बरं केलंत. नाहीतर मी दुसरंच काहीतरी शोधत बसले असते." मग त्यांनी समजावून सांगितलं. हे औषध कुत्र्यांना मेंढरांसारखं चालत नाही. काही कुत्र्यांना तर थोडंसुद्धा चालत नाही. ते मेंदूवर चढतं. त्याला नेमका उतारा नाही. अंगातून निघून जाईपर्यंत सलाईनवर ठेवायचं, कूस बदलत राहायचं, श्वासावर नजर ठेवायची. वाचू शकतो. डोळ्यांना आत्ता दिसत नाही; पुढचं सांगता येत नाही, दिसायला लागेलही.

"आणि खर्चाचंही आत्ताच बोलते," त्या म्हणाल्या. "दवाखान्याची फी फार नसते. पण सलाईन, बाहेरची औषधं, रक्ताच्या तपासण्या, हे बरेच दिवस चालेल. मध्येच सोडलं तर केलेलं सगळं वाया जाईल. म्हणून घरच्यांनी आधी ठरवा."

सूरज तेवढ्यात कारखान्याच्या कपड्यांतच आला. चांगला मुलगा आहे. आईला जीव लावणारा. पण घराचा हप्ता, दोन पोरांच्या शाळा. त्यानं आईला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाला, "आई, म्हातारं झालंया गं ते. किती दिस ठेवायचं, वाचंल न वाचंल... घरी नेऊया. शांतपणी जाऊ दे त्येला." त्याचेही डोळे भरलेले होते. ते पिल्लू असताना त्यानंच खांद्यावरून वागवलेलं.

मी पर्सला हात घातला. "मावशी, मी देते. तू काळजी करू नकोस."

मावशीनं माझा हात धरून परत पर्सवर ठेवला. "तुज्याकडचं कशाला? त्येचं त्येच्याकडं हाय."

ती लालासाहेबांच्याच गाडीतून घरी गेली आणि परत आली तेव्हा तिच्या हातात अर्जुनाआबांच्या जुन्या पटक्याचा तुकडा होता, गाठी मारलेला. हवालदाराच्या मेंढीच्या, वर्षानुवर्षं विकलेल्या बकऱ्यांचे पैसे. तिचे गुडघे डॉक्टरांना दाखवायची वेळ आली तेव्हा ती गाठ सुटली नव्हती. सूरजच्या घराला पैसे कमी पडले तेव्हाही नाही. सूरज त्या पटक्याकडं बघतच राहिला. त्याला वाटत होतं, ती रीत मेंढरांबरोबर संपली.

"डाक्टरीणबाई," मावशी म्हणाली, "हे कुत्र्याचंच हाय. कमी पडलं तर हरणीला सांगते, औंदाची बकरी इकायची हाईत. पर मदी सोडू नगा."

डॉ. अपेक्षांनी सगळी हकिकत विचारून घेतली. मग हसून म्हणाल्या, "आम्ही लोकांना सांगून थकतो की कुत्रं आणलं त्या दिवसापासून थोडं बाजूला टाकत जा. तुमच्याकडं तर त्यासाठी मेंढीच ठेवलेली."

त्या रात्रीचं मी काही सांगत नाही. मावशी त्याच्याजवळून हलली नाही एवढंच. पुढचे दोन-तीन दिवस असेच गेले. मी डबा घेऊन जायचे. हवालदार कधी जिवंत वाटायचा, कधी नाही. मावशी त्याच्या फाटक्या कानाशी बसून अखंड बोलायची, अर्जुनाआबांच्या, माळाच्या, त्या लांडग्याच्या गोष्टी. तिथं शिकणारी मुलं-मुली वह्या घेऊन येत, त्यांनाही ती सांगायची, "मेंढराचं औषध कुत्र्याला द्यायचं न्हाई बरं का. म्या दिलं, माजं चुकलं." ज्याला त्याला सांगायची. मी म्हणाले, मावशी, कशाला आपणहून? तर म्हणाली, "माज्यासारकं वाड्यावर किती असतील. त्येंच्या कानावर जाऊ दे की."

मग एका सकाळी त्यानं मान उचलली आणि दूध प्यायला. मावशीनं डॉक्टरीणबाईंच्या पाया पडायला वाकायचा प्रयत्न केला, त्यांनी तिला वरच्या वर धरलं, आणि दोघी तशाच एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. मला रडू आवरलं नाही. लालासाहेबांनी टोपी काढून त्याच टोपीनं डोळे पुसले. मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "जाऊ द्या ताई, गोचीड काडेपेटीत घालून आणायची गरज नव्हती, एवढं मलाही कळतंय."

हवालदार घरी आला. पण त्याला दिसत नव्हतं.

भिंतीला धडकायचा. पायरीपाशी येऊन पाय पुढं टाकायचा आणि मागं घ्यायचा. सगळ्या कळपाला फेरी मारणारं ते जनावर जागच्या जागी उभं राहून हवा हुंगायचं, आणि मावशी तोंड फिरवून पदर तोंडाला लावायची. डॉ. अपेक्षा म्हणाल्या होत्या, आठवडे लागू शकतात, शब्द देता येत नाही.

तेव्हा कंदीनं जे केलं ते तिला कुणी शिकवलं नाही. ती रोज सकाळी खालच्या मजल्यावर जाऊन बसायची, त्याच्या पुढं. तो उठला की ही उठायची. मी गंमत म्हणून तिच्या पट्ट्याला दोन घुंगरं बांधली, आणि मग गंमत राहिली नाही. घुंगरांच्या आवाजामागं हवालदार चालायला लागला. कंदी चार पावलं टाकायची, धापा टाकत थांबायची, मागं वळून बघायची. तो आला की पुढं. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर तिचं हे चालायचं. ती खायची पोट भरून, पण दुपारची झोप मात्र तिनं त्या दिवसांत पार सोडली. मी तिला आळशी आळशी म्हणून हिणवत आले होते. माझ्याच घरातलं जनावर मला तेव्हा कळलं.

आणि मग एक दिवस गच्चीवर मी, मावशी आणि ही दोन कुत्री बसलेलो होतो. खाली, लांब फाटकापाशी, लालासाहेब नुसते उभे होते. बोलत नव्हते, काही नाही. हवालदार उठला. कठड्याच्या जाळीपाशी गेला. खाली बघितलं, आणि जुन्या आवाजात भुंकला. त्या लाल टोपीवर तो पहिल्यापासून भुंकत आलेला.

लालासाहेबांनी वर बघितलं. टोपी काढली आणि डाव्या हातात धरून बाजूला हलवली. हवालदाराचं तोंड टोपीबरोबर फिरलं. उजव्या हातात घेतली. तोंड उजवीकडं.

"भुंकलं!" खालून लालासाहेब ओरडले. "माझ्यावर भुंकलं! बनाबाई, दिसतंय त्याला! दिसतंय!" आणि ज्या माणसानं आवाज करू नये म्हणून जिन्यात तीन पाट्या लावल्यात, तो भर दुपारी पार्किंगमध्ये टोपी उडवत नाचला. मावशीनं हवालदाराचा फाटका कान हातात धरला. मग आभाळाकडं बघून अर्जुनाआबांना म्हणाली, "आबा, आलं बग परत."

मी त्याच आठवड्यात कंदीला कॉलेजच्या दवाखान्यात दाखवलं. कुणी आजारी नसताना, पहिल्यांदाच. डॉ. अपेक्षांनी तपासून सांगितलं की अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना वय झालं की श्वासाचा त्रास होतो, कदाचित ऑपरेशनही लागेल, आत्तापासून तयारी ठेवा. रात्री-अपरात्री कुणाला फोन करायचा, तेही विचारून घेतलं. घरी येऊन नवऱ्याला म्हणाले, दर महिन्याला कंदीचं म्हणून थोडं वेगळं काढायचं, आणि त्याला हात लावायचा नाही. तो म्हणाला, अख्ख्या खर्चाला पुरायला किती वर्षं लागतील गं? मी म्हणाले, माहीत नाही, पण सुरू तर करू.

पावसाळा संपताना हरणाबाईचा निरोप आला, मेंढी व्याली. मावशीला जायचंच होतं. लालासाहेबांनी गाडी काढली, सीटचं कव्हर काढून टाकलेली. मी आणि कंदीही गेलो, कारण मावशीनं सांगितलं होतं, "तिला आणायचीच हाय."

वडूजच्या पुढं माळावर हरणाबाईचं घर. दारातच ती मेंढी बांधलेली, गळ्यात विटलेला लाल गोफ. एवढ्या खर्चाच्या काळात ती तिथं आहे याची मला रोज आठवण यायची, पण तिला कधी बघितलं नव्हतं. मी खाली बसले आणि तिच्या कपाळाला हात लावला. कुणी बघतंय का याची लाज वाटली नाही. तिच्या पोटाशी एक पांढरं कोकरू धडपडत होतं. पाठ. मावशीनं कनवटीला खोचलेला नवा लाल गोफ काढला, कोकराला मांडीवर घेतलं आणि त्याच्या गळ्यात बांधला.

"कंदीला आण हिकडं," ती मला म्हणाली. "ही हिची."

मला आधी समजलंच नाही. मग हसू आलं. "अगं मावशी, कंदीला कसली मेंढी? हिनं जन्मात कधी कशाची राखण केली?"

मावशी हसली नाही.

"लांडगा आला तवा हवालदारानं मेंढरं राखली," ती म्हणाली. "आन् हवालदार पडला, तवा त्येला कुणी राखलं?"

मी पर्स उघडली. मी म्हणाले, निदान पैसे तरी घे, मावशी, नाहीतर मला घेववणार नाही. तर तिनं मला गप्प बसवलं.

"तुला कोण देतंय? तुला न्हाई, तिला दिलीया. उद्या ही म्हातारी हुईल. श्वास लागंल. तवा घरातलं कुणीतरी म्हनंल, जाऊ दे आता. चांगलंच माणूस म्हनंल. माजा सूरजच म्हनला न्हाई का? तवा तुला कुणाचं तोंड बगायला लागू नये, म्हनून ही. हरणी सांभाळंल. तू नुसती वर्साला येऊन बगून जा."

मी कंदीला उचलून कोकराजवळ ठेवलं. कोकरानं तिच्या चेपक्या नाकाला आपलं ओलं नाक लावलं, तशी ती घाबरून माझ्या दोन पायांत शिरली. हरणाबाई आणि लालासाहेब पोट धरून हसले. दिवस मावळायला आला होता. कोपऱ्यात पडलेला हवालदार उठला, मेंढीभोवती, कोकराभोवती आणि आम्हा सगळ्यांभोवती सावकाश एक फेरी मारून आला, आणि मगच त्यानं अंग टाकलं.